रांगामाटीच्या पाण्याखाली

चितगाव हे बांगलादेशाचे मोठे बंदर. तिथून पूर्वेकडे बसने सुमारे ७५ कि.मी. गेले की भातखाचरे मागे पडतात, डोंगर सुरू होतात आणि रांगामाटी लागते. नावाचा अर्थच तांबडी माती. गावाच्या चहूकडे पाणी. प्रवासी होडीत बसतात, झुलत्या पुलावर फोटो काढतात आणि म्हणतात, काय सुंदर सरोवर! वाचकहो, हे सरोवर निसर्गाने केलेले नाही. त्याच्या तळाशी शेते आहेत, गावे आहेत, चकमा राजाचा जुना राजवाडाही आहे.

हा चितगावचा डोंगरी मुलूख. चकमा, मारमा, त्रिपुरा, म्रो, तंचंग्या अशा अकरा जमाती इथल्या. चकमा आणि मारमा पिढ्यान्‌पिढ्यांचे बौद्ध. वर्षावासानंतर रांगामाटीच्या राजबन विहारात कठिण चीवरदान होते, तेव्हा बायका कापसापासून सूत कातून, रंगवून, विणून एका दिवसरात्रीत चीवर तयार करतात. कापूस इथला जुनाच. मोगलांना कर कापसातच दिला जाई.

डोंगरउतारावरची झाडी तोडून जाळायची आणि एकाच खड्ड्यात भात, कापूस, तीळ यांचे बी टाकायचे, या शेतीला 'जुम' म्हणतात. पीक निघाले की तो तुकडा विसाव्याला सोडून पुढे जायचे. जमीन गावाची, सातबाऱ्यासारखा कागद कुणाकडेच नाही. पुढे हेच नडले. इंग्रजांनी १९०० साली कायदा करून बाहेरच्यांनी इथे येऊन जमीन घेण्यावर बंधने घातली. त्यांना डोंगरी माणसाचा कळवळा होता असे नाही, सरहद्द शांत हवी होती. पण जमीन राहिली खरी.

मग फाळणी आली. इथले ९७ टक्के लोक बिगरमुस्लिम, म्हणून आपण भारतात जाणार अशी त्यांची समजूत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्नेहकुमार चकमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रांगामाटीत तिरंगा फडकविला. दोन दिवसांनी रॅडक्लिफ यांचा निवाडा जाहीर झाला आणि मुलूख पाकिस्तानात गेला! चितगाव बंदराला कर्णफुली नदी हवी आणि नदी याच डोंगरांतून येते, असा हिशेब. सरदार पटेलांचा विरोधही कामी आला नाही. पाकिस्तानी फौजेने तिरंगा उतरविला.

त्याच कर्णफुलीवर कापताईला धरण झाले. १९६२ मध्ये वीज सुरू झाली. सुमारे ५४ हजार एकर शेतजमीन बुडाली, म्हणजे जिल्ह्यातल्या कसदार जमिनीचा चाळीस टक्के भाग. लाखभर माणसे उठली. आपल्याकडे त्याच सुमारास कोयनेचे लोक उठत होते. घर पाण्यात जाताना पाहणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे. नुकसानभरपाई मागायला गेले तर कागद कुठे आहे? हजारो चकमा १९६४ मध्ये भारतात आले आणि आजच्या अरुणाचलात वसविले गेले. त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या स्थलांतराला चकमा लोक 'बर परंग', म्हणजे मोठे परागंदा होणे, म्हणतात.

१९७१ मध्ये बांगलादेश झाला, पण डोंगराचे गाऱ्हाणे तेच राहिले. मानवेंद्र नारायण लारमा यांनी १९७२ मध्ये स्वायत्तता मागितली. नव्या घटनेने सर्व नागरिकांना 'बंगाली' ठरविले, तेव्हा आम्ही बांगलादेशी आहोत पण बंगाली नाही, अशी भूमिका घेऊन ते सभागृहाबाहेर पडले. ज्यांनी स्वतः भाषेसाठी रक्त सांडले, त्यांना दुसऱ्याची ओळख का कळू नये? त्यानंतर बंदुका निघाल्या. १९७९ पासून सरकारने सपाटीवरची भूमिहीन कुटुंबे आणून डोंगरात वसविली. तीही गरीबच, हे विसरून चालणार नाही. १९९१ च्या खानेसुमारीत बाहेरून आलेले जवळजवळ निम्मे भरले. गावे जळाली, १९८६ मध्ये हजारो लोक त्रिपुराच्या छावण्यांत आले.

२ डिसेंबर १९९७ रोजी करार झाला. त्यावर सही केली लारमांचे धाकटे भाऊ ज्योतिरिंद्र यांनी. मानवेंद्र १९८३ मध्येच मारले गेले होते. करारात प्रादेशिक परिषद आली, जमिनीचे तंटे सोडविण्यासाठी आयोगही आला. तंटे मात्र सुटलेले नाहीत.

उन्हाळ्यात सरोवराचे पाणी ओसरते तेव्हा काठची गाळाची जमीन उघडी पडते. डोंगरी शेतकरी घाईघाईने तिथे भात लावतात. पीक हाती येण्याआधी पाणी चढले, तर ते पुन्हा बुडते.