माश्या बांधत बसलेली माणसं

नदीवर भेटलेल्या ट्राउटवाल्याला ‘कुठे लागले?’ असं विचारलं, की तो हात मोघम हलवतो. त्या हाताच्या टप्प्यात वरचा पूल, खालचं वळण, समोरचा डोंगर आणि बहुधा शेजारचा जिल्हासुद्धा येतो. तेच ‘कशावर लागले?’ असं विचारून बघा. छातीवरच्या खिशातून डबी निघते, झाकण उघडतं आणि दोन-तीन नकली माश्या तुमच्या तळहातावर येऊन पडतात. ‘दोरा जरा बारीक लाव’ हा सल्ला वर फुकट. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत, बीव्हरकिल आणि विलोविमॉक या नद्यांवर, मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता मीही तशीच वागते. जागा सांगायची नाही, माशी द्यायची. लबाडी म्हणा हवं तर. पण माझ्या मते या छंदाचा जीव आधी त्या डबीत आहे, नदीत नंतर.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. त्याचं बरंचसं खाणं म्हणजे किडे, आणि तेही इतके नाजूक की गळाला टोचायची सोयच नाही. म्हणून गळावरच पिसं, केस, लोकर असं काहीबाही दोऱ्याने गुंडाळून तसला किडा तयार करायचा. त्याला वजन नसतं, त्यामुळे तो भिरकावता येत नाही. इथे वजन असतं ते दोरीला. काठीने ती जाडसर दोरी मागे हवेत लांबवायची, पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे सोडायची. नवशिक्यांचं सगळं बिनसतं ते त्या थांबण्यात. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, आणि धीर धरवत नाही.

ज्यांची नक्कल करायची त्या किड्यांपैकी मेफ्लाय ही इथली पट्टराणी. वर्षभर ती नदीच्या तळाशी गोट्यांच्या आडोशाने काढते. मग एका दुपारी वर येते, पाण्याच्या पृष्ठभागावर कात टाकते, पंख वाळेपर्यंत प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि उडते. झाडावर बसून पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर कात टाकणारा दुसरा किडा जगात नाही. खायला तोंड उरलेलं नसतं. वीण झाली, अंडी घातली, की संपलं. पंख वाळवत वाहत जाण्याच्या त्या काही क्षणांत ट्राउट तिला खालून टिपतो, आणि आपण टेबलापाशी बसून तासभर जे बांधतो ती त्या काही क्षणांची नक्कल असते.

ही कला कॅट्सकिलमध्ये एवढी का रुजली, याचं एक कारण कातडी कमावण्याच्या धंद्यात आहे. एकोणिसाव्या शतकात इथली हेमलॉकची जंगलं सालीतल्या टॅनिनसाठी तोडली गेली. सोललेली खोडं पुष्कळदा तिथेच कुजली. सावली गेली, ओढे तापले आणि मूळचा ब्रुक ट्राउट वरच्या थंड पाण्याकडे सरकला. १८८३ मध्ये जर्मनीहून ब्राउन ट्राउटची अंडी अमेरिकेत आली. हा मासा थोडं कोमट पाणी सोसतो, पण महासंशयी. ब्रुक ट्राउट भडक रंगाच्या माशीवर सहज झडप घालायचा. ब्राउनला हुबेहूब हवं. म्हणजे जंगल राहिलं असतं, तर इतकं बारीक काम करायची वेळ कदाचित आलीच नसती. हा सौदा मला काही फायद्याचा वाटत नाही.

त्या काळात नेव्हरसिंक नदीकाठी थिओडोर गॉर्डन नावाचा क्षयाने खंगलेला एकटा माणूस राहायचा. तिकडे इंग्लंडात फ्रेडरिक हॅलफर्ड हे तरंगत्या माशीचे आचार्य मानले जात. गॉर्डनने त्यांना पत्र लिहिलं, आणि १८९० मध्ये हॅलफर्डनी उत्तराबरोबर आपल्या माश्यांचे नमुनेच पाठवून दिले. ओळख ना पाळख. समुद्रापलीकडच्या माणसाला पाकिटातून माश्या! पण इंग्लंडातल्या त्या नद्या संथ आणि नितळ, तर कॅट्सकिलचं पाणी खळाळतं. तिथली माशी इथे टिकेना. गॉर्डनने ताठ पिसं निवडली, अंग सडपातळ ठेवलं, स्थानिक किड्यांचे रंग घेतले, आणि त्यातून कॅट्सकिलची धाटणी उभी राहिली. १९१५ मध्ये तो गेला. त्याच्या आवडत्या पाण्याचा बराच भाग आज नेव्हरसिंक धरणाच्या पोटात आहे आणि न्यूयॉर्क शहर ते पाणी पितं. मुळशी धरण ठाऊक असलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

पत्रांतून आणि मासिकांतून भरभरून लिहिणारा हा गॉर्डन समोर कोणी आलं की माशी बांधणं थांबवायचा, असं सांगतात. अपवाद रॉय स्टीनरॉडचा. त्याला त्याने शिकवलं. याच स्टीनरॉडने १९१६ मध्ये बीव्हरकिलवर वसंतातल्या एका मेफ्लायची नक्कल बांधली आणि तिला आपल्या एका मासेमार मित्राचं आडनाव दिलं: हेंड्रिक्सन. एप्रिल सरताना आजही प्रत्येक डबीत ती असते. मित्राच्या नावाने रस्ता, चौक, पूल बांधणं ऐकलं होतं; माशी बांधणं मला जास्त आवडलं.

पुढच्या पिढीत रूब क्रॉस यांच्या माश्या अप्रतिम समजल्या जात. वॉल्ट डेट नावाच्या तरुणाने ‘शिकवाल का?’ म्हणून विचारलं, तर क्रॉसनी त्याला वाटेला लावलं. मग वॉल्ट, त्याची जोडीदार विनी आणि त्यांचा मित्र हॅरी डार्बी यांनी क्रॉसच्याच माश्या विकत आणल्या आणि एकेक वेढा उलटा सोडवत, काय कशानंतर येतं ते टिपून घेत, सगळी विद्या काढून घेतली. पुढे वॉल्ट आणि विनी डेट, हॅरी आणि एल्सी डार्बी ही दोन्ही जोडपी त्याच भागात जन्मभर माश्या बांधून विकत राहिली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की माशीत गुपित राहूच शकत नाही. जे गुंडाळून केलंय ते उलगडता येतं. वैद्याचा काढा, खानसाम्याचा मसाला यांना अशी सोय नाही.

डार्बीनी तर याच्याही पुढची मजल मारली. राखाडी-निळसर छटेची ताठ पिसं मिळेनात म्हणून त्यांनी स्वतः कोंबडे पाळले, वर्षानुवर्षं निवड करत वाण घडवला आणि त्याची अंडी मिनेसोटातल्या एका हौशी माणसाला दिली. तिथून तो वाण पेन्सिल्व्हेनियातल्या मेट्झ यांच्या कुक्कुटशाळेत पोहोचला आणि माशीसाठीच वाढवलेल्या पिसांचा मोठा धंदा उभा राहिला. २०११ मध्ये अमेरिकन मुलींना केसांत ही लांब पिसं माळायची लहर आली, तेव्हा मासेमारांच्या दुकानांतली पिसं पार्लरवाल्यांनी उचलली आणि चांगले दाढीमिशीवाले पुरुष हळहळले. ती हळहळ ऐकताना मी फार सभ्यपणे वागले, असं म्हणवत नाही.

हिवाळ्यात नद्या गोठण्याच्या बेतात असतात तेव्हा आमच्या न्यू जर्सीतल्या गावात एका चर्चच्या तळघरात टेबलं मांडली जातात. एक निवृत्त प्लंबर, एक रात्रपाळीची नर्स, शाळेतला एक अबोल मुलगा, मी आणि आणखी येणारे-जाणारे. प्रत्येकापुढे छोटा शिकंजा, त्यात जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा चौदा नंबरचा गळ. (नंबर वाढला की गळ लहान होतो, असं उलटं का, हे विचारायचं नाही.) नदीवर ही सगळी माणसं एकमेकांपासून दूर, पाठ करून उभी असतात. इथे कोपराला कोपर लागतं.

माझ्याकडे आलेलं काम मोराच्या पिसाचं. गॉर्डनच्या नावाची ‘क्विल गॉर्डन’ माशी आहे, तिचं अंग मोरपिसाच्या डोळ्यातल्या एका काडीचं असतं. काडी सपाट धरायची आणि तिच्यावरची हिरवी-सोनेरी लव साध्या खोडरबराने घासून काढायची. जोर जास्त झाला तर काडी तुटते, कमी झाला तर लव राहते. नीट निघाली की खाली दोन रंगांची पट्टी दिसते, एक कड काळपट, दुसरी फिकी. गळावर वेढे घेतले की एकाआड एक वलयं उमटतात आणि खऱ्या मेफ्लायचं पोट समोर येतं. लहानपणी आम्ही मोरपीस वहीत जपलं. इथे त्याचं सौंदर्य घासून काढल्यावरच ते कामाला येतं. प्लंबरच्या बोटांना आता कंप आहे, म्हणून त्याच्यासाठी काड्या मी सोलते. बदकाच्या पिसांचे पंख उभे करून दुभागायचं काम मला कंटाळवाणं, ते नर्स करते. एका माशीत तिघांचे हात लागतात आणि ती कोणाच्या डबीत जाते याची नोंद कोणी ठेवत नाही. संध्याकाळभर गप्पा फार होतात असंही नाही. ‘एक वेढा कमी घे,’ एवढंच कोणीतरी दुसऱ्याच्या गळाकडे बघून म्हणतो, आणि तो घेतो.

गेल्या वसंतात मालवणहून मामा आला होता. खाडीत आयुष्य काढलेला माणूस, म्हणून हौसेने विलोविमॉकवर नेला. मी एक बरा ब्राउन काढला, ओल्या हाताने धरला, बिनकाट्याच्या गळातून सोडवला आणि प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवला. शेपटीला जोर आल्यावर तो निघून गेला. मामा काठावरून बघतच राहिला.

“पकडलंस आणि सोडलंस? मगे हंय इलंस कित्याक गो?”

मी मग ओल्या हाताचं कारण सांगितलं, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जपायचा असतो ते सांगितलं. उन्हाळ्यात पाणी वीस अंशांच्या वर तापलं की आम्ही गळच टाकत नाही, कारण सोडलेला मासाही मग धड जगत नाही, हेही सांगितलं. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. पटल्याची ती मान नव्हती. खायचा नाही तर त्रास तरी कशाला द्यायचा, हा त्याचा मुद्दा अगदीच खोडून काढण्यासारखा नाही, आणि मी तो खोडून काढला नाही.

तळघरात मात्र तो रमला. त्या दिवशी प्लंबरने आपली खास पुडी उघडली होती. सामन माशासाठीच्या जुन्या धाटणीच्या माश्यांना गालाशी एक पीस लागतं, काळं-पांढरं, टोकाकडे लाखेचा थेंब पडावा तसा चकचकीत पिवळसर ठिपका. भारतातून या पिसांची निर्यात बंद झाल्याला कित्येक वर्षं झाली. ही इंग्लंडमध्ये मुद्दाम पैदास केलेल्या पक्ष्याची होती. मामाने पीस उजेडात धरलं आणि जवळजवळ ओरडलाच, “ह्यो तर आमचो रानकोंबो!”

सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. मी भाषांतर करेपर्यंत मामाने त्याची बांग सुरू केली होती, ती तुटक, कर्कश, पहाटेच्या रानातली, आणि चर्चचं तळघर दुमदुमलं. पक्ष्याची पिसं कित्येक वर्षं हाताळलेल्या त्या माणसांनी त्याचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. नर्सने पुन्हा करायला लावलं. अबोल मुलाने फोनवर टिपून घेतलं.

मग मामाला शिकंजा मिळाला. त्याने टेबलावरचा सगळ्यात मोठा गळ घेतला, लाल लोकर, कोंबड्याची पिसं, बकऱ्याच्या शेपटीचे केस असं जे हाताला लागलं ते बांधलं, आणि शेवटी आमच्या कोणाच्याच ओळखीची नसलेली एक खाडीवरची गाठ मारून दातांनी दोरा तोडला. प्लंबरने ती गाठ सोडवून दोनदा परत मारायला लावली आणि तिसऱ्या वेळी स्वतः मारली.

“हेच्यार तांबोशी येतली बघ,” मामा म्हणाला.

तांबोशी म्हणजे काय, हे प्लंबरने मला विचारलं. मी शब्द शोधत होते, तेवढ्यात मामाने दोन्ही हात लांब केले आणि थेट त्याच्याशीच इंग्रजीत बोलायला लागला: “बिग. रेड. व्हेरी टेस्टी.”