गो, नो-गो

प्लग गेजला दोन तोंडं असतात, एक लांब आणि एक आखूड. लांब तोंड भोकात अलगद शिरलं पाहिजे, आखूड, लाल खुणेचं तोंड काठावरच अडलं पाहिजे. दोन्ही झालं की पीस पास. २५ मिलीमीटरच्या भोकाला एच-सात टॉलरन्स असेल तर ते २५.००० पेक्षा लहान चालत नाही आणि २५.०२१ पेक्षा मोठं चालत नाही. मोकळीक २१ मायक्रॉनची. माणसाचा केसही बहुधा याहून जाड निघेल. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी उभी राहून मी दिवसभर हेच करते. (पंचतारांकित म्हटलं की मुंबईचे पाहुणे हॉटेलची चौकशी करतात. त्यांना उसाच्या फडांमधून गेलेले रुंद रस्ते, फौंड्रीच्या दारातले काळ्या वाळूचे ढीग आणि पाळी सुटल्यावर चहाच्या गाड्याभोवती जमलेली माणसं दाखवावी लागतात.)

संध्याकाळी कसब्यात, म्हणजे कसबा सांगावात, घरी परतलं की या मापांचा काही उपयोग नसतो. दार पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात वाजतं. मांडणीचा एक पाय उचललेला, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. मामंजींच्या खुर्चीची तारेने आवळलेली दांडी. कुणी तक्रार करत नव्हतं. घराला इन्स्पेक्टर नव्हता तोवर सगळंच पास होतं.

आमची लेक राणू रांगायला लागली आणि पहिलं रिजेक्शन जमिनीवर आलं. तिचे बाबा फौंड्रीत शॉट ब्लास्टिंगला आहेत. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू पोलादाच्या बारीक छऱ्यांच्या माऱ्याने साफ करतात. ते छरे, मोहरीएवढे, बुटाच्या तळव्यात आणि पँटच्या दुमडीत बसून घरी येतात. माझ्या चपलेला चिप्स चिकटतात, मशीनवर कापलेल्या लोखंडाची धारदार सालं. मोठ्या माणसाच्या पायाला त्यांचा पत्ता लागत नाही. रांगत्या तळहाताला लगेच लागतो. झाडूने ते फरशीच्या फटीत आणखी आत जातात. मग जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, दोरी बांधली आणि रोज संध्याकाळी ते घरभर ओढायचं ठरलं. पिशवी महत्त्वाची. ती उलटी करून चुंबकावरून काढली की सगळा कचरा आत राहतो. नाहीतर चुंबकावरून एकेक छरा खरवडत बसावं लागतं. ॲल्युमिनियमच्या चिप्स चुंबकाला दाद देत नाहीत, त्यांना ओलं फडकंच पाहिजे. चपला-बुटांची रवानगी ओसरीच्या बाहेर झाली. मामंजींना ते पटायला वेळ लागला. पायताणं बाहेर ठेवली तर कुत्री नेतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून बाहेर झाकणाची पेटी आली.

त्या सुमाराला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत खेळण्यांच्या मानकाबद्दल वाचनात आलं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. त्या मानकात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक नळकांडं सांगितलंय. आतला व्यास ३१.७ मिलीमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१. खेळणं किंवा त्याचा सुटणारा भाग न दाबता, कसाही फिरवून, त्यात पुरता मावला तर नापास. मी जेवायची थांबले. कुणीतरी लहान मुलाच्या घशाचं गेज बनवून ठेवलं होतं! आमच्या टेबलावरच्या गेजांची आणि याची जात एकच. फरक एवढाच, की इथे आत जाणं हाच दोष.

लेथवरच्या दादांना भंगारातला नायलॉनचा तुकडा दिला आणि मापं सांगितली. त्यांनी विचारलं, "कशाचा पार्ट हाय?"

"पोरीचा."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. बोअर मात्र असा काढून दिला, की मी व्हर्नियर लावून पाहिला आणि गप्प बसले.

मग घराचं इन्स्पेक्शन सुरू झालं. मामंजींची सुपारी आत. चिंचोके, गोटी, शर्टाचं बटण, पाण्याच्या बाटलीचं झाकण, रुपया, सगळं आत. शेंगा सोलायला बसलेल्या आत्याबाईंच्या सुपातला एक दाणा उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, "आमची पोरं काय शेंगा न खाता वाढली?" वाढली, हे खरंच. पण ज्या घरातलं पोर ठसका लागून गेलं, त्या घरात ही गोष्ट अशी हसत कुणी सांगत नाही. मी बोलले नाही; दाणे कुटून द्यायचं तेवढं ठरवून घेतलं. कोल्हापुरी चटणीच्या खलबत्त्याला आणखी एक काम लागलं.

नळकांड्यात पडल्यावर मला सगळ्यात जास्त धडकी भरवली ती बटणासारख्या सेलने. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं: व्यास २० मिलीमीटर, जाडी ३.२. गोटीची भीती श्वास अडण्याची. सेलची भीती वेगळी. अन्ननलिकेत अडकला की ओल्या पेशींतून त्याचा करंट सुरू होतो, तिथे अल्कली तयार होतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजतं. वरून काही दिसत नाही. हे सेल कुठे नसतात? वजनकाट्यात, गाडीच्या रिमोट किल्लीत, जत्रेतल्या लुकलुकत्या भोवऱ्यात. मी घरचा नियम केला: ज्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ते खेळणं घरात नाही. उरुसातून आणलेला तो भोवरा मी परस्पर नाहीसा केला. राणूच्या बाबांनी आठवडाभर तो शोधला, राणूने नाही.

पैंजणांचा प्रश्न मात्र असा सुटणारा नव्हता. आत्याबाईंनी नातीसाठी हुपरीहून पैंजण करून आणले होते. हुपरी आमच्या शेजारची, घरोघरी चांदीचं काम चालणारी. तिथल्या कित्येक घरांत ओसरीवर बसून बायका कड्या जोडताना दिसतात. पैंजणांना घुंगरू भरपूर. त्यातला एक संध्याकाळी फरशीवर सापडला आणि तो अर्थातच नळकांड्यात गेला. मी पैंजण काढून ठेवले. आत्याबाईंनी ते पुन्हा घातले. दोन-तीन दिवस काढ-घाल चालली, शब्द न बोलता. शेवटी त्याच म्हणाल्या, "चुलीपाशी असलं की कान तिच्या पायाकडं असतोय माझा. आवाज बंद झाला की समजायचं, कायतरी करालीया."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दिवसभर टेबलापाशी. घरी ते पोर सांभाळणाऱ्या बाईचा सेन्सर मी काढून घेत होते आणि बदल्यात नायलॉनचं नळकांडं देत होते. मग आम्ही दोघी हुपरीला गेलो. कारागिराने घुंगरू बोटाने हलवून पाहिले, कड्या उघड्या आहेत म्हणाला. मशीनवर ओढून काढलेली कडी नुसती दाबून बंद केलेली असते; पायाच्या हिसक्याने ती हळूहळू तोंड उघडते. त्याने प्रत्येक कडीला सवागी लावली, डाखाचा कण ठेवला आणि फुंकणीची ज्योत फिरवली. चांदी ९६१ अंशांना वितळते; डाख त्याच्या आधी वितळून फटीत उतरला पाहिजे आणि कडी मात्र जागची हलता कामा नये. त्या बारीकशा फरकात तो माणूस बिनबोभाट काम करत होता, थर्मामीटर नाही, गेज नाही. वितळलेला डाख कडीभोवती चमकून पळाला की ज्योत बाजूला. एरवी कुणाच्या कामाला मी पास म्हणायला वेळ लावते. इथे मी घुंगरू पकडून चांगला ओढला. त्याने पाहिलं. "ताई, पैंजण तुटंल, घुंगरू न्हाई यायचा." परतीच्या एसटीत आत्याबाईंनी खिडकीची जागा मला दिली.

पण खरी अडचण आता सांगते. कंपनीत ड्रॉइंग बदललं की त्यावर नवं अक्षर पडतं, रिव्हिजन ए, बी, सी, आणि जुनी प्रत परत घेतात. राणूचं ड्रॉइंग रोज बदलतं आणि कुणी कळवत नाही. उन्हाळ्यात मोरीच्या दाराची कडी तिच्या हातापेक्षा वीतभर वर होती. दिवाळीच्या आसपास पट्टणकोडोलीची यात्रा झाली, भंडाऱ्याने पिवळा झालेला तिचा फ्रॉक मी मोरीत भिजत घातला, वळून पाहते तर दार उघडून ती तो काढायला आलेली. कडी वर सरकवली. जुन्या स्क्रूची भोकं तशीच राहिली, एम-सील भरून. आमच्या मोरीच्या दारावर आता अशा बुजवलेल्या भोकांची एक उभी रांग आहे. लोक भिंतीवर मुलांच्या उंचीच्या रेघा मारतात, आमच्याकडे ते काम कडी करते.

पाण्याच्या बॅरलला मात्र उंचीचा भरवसा नाही. ओणवं होऊन डोकं आत गेलं की लहान मुलाचा तोल पुढेच जातो, कारण त्याच्या अंगाच्या मानाने डोकं जड. बादलीतल्या वीतभर पाण्यातही तेच. म्हणून बॅरलच्या झाकणाला पट्टी आणि खटका बसवला, आणि वापर झाला की बादली पालथी. पाण्यात सोडायचा हीटरचा रॉड कायमचा माळ्यावर गेला. चौदाशे अंशांचं वितळलेलं लोखंड रोज पाहणारा माणूस बादलीतल्या रॉडला भ्यायला लागला, हे पाहून मला बरं वाटलं. त्यानेच सुट्टीच्या दिवशी वायरमनला बोलावून मेनजवळ आरसीसीबी बसवून घेतला. ३० मिलीॲम्पिअरएवढा करंट वाट चुकला की तो घराची वीज तोडतो. जुने सॉकेटही बदलले. नव्यांत आतून झडप असते, प्लगचा वरचा जाड, लांब पाय शिरल्याशिवाय खालची दोन भोकं उघडत नाहीत. खिळा घालून पाहिला तर अडतो. नो-गो.

इतकं सगळं अडवून झाल्यावर एक दिवस घरात उभी राहून पाहिलं, तर राणूच्या उंचीवर तिला जमण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. ती मांडणीच्या रिकाम्या खालच्या कप्प्यासमोर बसून हात आपटत होती. हे मला आवडलं नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह उघडलं तेव्हा टेबलं-खुर्च्या मुलांच्या मापाच्या करवून घेतल्या. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गरिबाच्या पोराला महाग साहित्य कुठलं? त्यांनी बिया, पानं, दगड, शिंपले वापरले आणि बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली. मला त्यांची ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण तीत विकत घ्यायचं जवळजवळ काही नाही, जागा तेवढी बदलायची आहे. बाजारात कपाटांना लावायची प्लास्टिकची कुलपं मिळतात ती सनमायकाच्या गुळगुळीत कपाटांसाठी. आमच्या कडाप्प्याच्या ओट्याखाली ती धड चिकटतही नाहीत.

तर खालच्या कप्प्यात तिची वाटी, तिचा पेला, छोटं पोळपाट आणि आखूड दांड्याचा झाडू आला. तिच्या खांद्याला लागेल एवढ्यावर भिंतीत खुंटी मारली. मोरीत खाली एक नळ काढला. पेला धुताना ती तो नळ असा पिळते की वायसर किती टिकणार, हे कळत होतंच. तो गळायला लागला तेव्हा टाकीकडचा कॉक बंद करून आम्ही दोघी खाली बसलो. पाना तिच्या हातात. कोणत्या बाजूला फिरवायचं हे मी बोटाने दाखवलं, तिने दोन्ही बाजूंना फिरवलं. चपटा झालेला, कडक पडलेला वायसर निघाला. टेफलॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची असते, नाहीतर नळ आवळताना ती उलगडून गोळा होते. माझं गुंडाळून झाल्यावर उरलेली टेप राणूच्या बाहुलीच्या पायाला लागली. दहा मिनिटांच्या कामाला सगळी संध्याकाळ गेली. आत्याबाई भाकरी थापता थापता पाहत होत्या. "स्क्रू डायवर पण शिकीव की तिला," त्या म्हणाल्या. मला चेष्टा वाटली. पण शिकवला.

राणूला तीन वर्षं पूर्ण झाली. आमच्या गेजवर पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख चिकटवलेली असते. त्या नळकांड्यावर मी तिच्या तिसऱ्या वाढदिवसाची तारीख लावली होती. घसा काही वाढदिवस पाहून रुंद होत नाही, म्हणून आणखी थोडे दिवस ते ओट्यावर राहिलं. नंतर पलीकडच्या गल्लीत बाळ रांगायला लागलं तिकडे गेलं. त्यांच्या आजीला ते कसं वापरायचं हे राणूनेच दाखवलं, मामंजींच्या सुपारीसकट. सुपारी तिकडेच राहिली.

परवा कंपनीतून आले तर आत्याबाई दारातच. "बघ जा, काय करून बसलीया." राणू पडवीत पाय पसरून बसलेली. पुढ्यात वजनकाटा पालथा, सेलचं झाकण काढलेलं आणि स्क्रू तिने वाटीत नीट ठेवलेला, मी ठेवते तसा. सेल आतच होता. काढायला नखं पुरली नव्हती.

बाजारातून आता ॲलन स्क्रू आणावे लागतील. सहा कोनी खाच, साध्या स्क्रू डायवरला दाद न देणारी. "त्याची चावी मात्र माझ्या पर्समध्ये राहणार," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. राणूने खुंटीवरून माझी पर्स काढली, चेन उघडली आणि पुन्हा लावून दाखवली.