अक्कलकोट रोडवरची फेरारी

सोलापूर म्हटलं की आपल्या डोक्यात पटकन तीन गोष्टी येतात. चादर, शेंगाचटणी आणि ऊन! थोडे भाविक असाल तर सिद्धेश्वराचं देऊळ आणि पुढे अक्कलकोटचे स्वामी. या यादीत फेरारी कुठेच बसत नाही, बरोबर? पण अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या एका घरात चक्क लाल रंगाची फेरारी एफ-४० उभी आहे. लांबी १८ सेंटिमीटर. मुक्काम कपाटाचा वरचा कप्पा. तिचा मालक एमआयडीसीतल्या एका ऑटोपार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे आणि नात्याने माझा मावसभाऊ. ‘नाव छापू नको बाई, शॉपफ्लोअरवर चेष्टा करतील,’ असं म्हणाला. म्हणून इथे तो नुसता ‘दादा’.

आता ‘खेळण्यातली गाडी’ असं मनात आलं असेल, तर थांबा. ही तयार मिळणारी डायकास्ट कार नाही. ही किट आहे. खोका उघडला की आत प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शेकडो लहान-मोठे भाग निघतात. ते एकेक कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. दादाच्या या गाडीला आठ महिने लागले. तेवढ्यात आपल्यापैकी काहीजण दोन नोकऱ्या बदलून मोकळे होतात!

काचेतून दिसणारी एमआयडीसी

अक्कलकोटला गेलेल्या बहुतेकांनी ही एमआयडीसी पाहिलेली असते. म्हणजे गाडीच्या काचेतून. सोलापूरहून अक्कलकोट जेमतेम चाळीस किलोमीटर. शहराचा पूर्व भाग मागे पडतो न पडतो तोच दोन्ही बाजूंना शेड सुरू होतात. पत्र्याची छपरं, सुताची पोती वाहणारे टेम्पो, फाटकाशी लावलेल्या सायकली. भाविक मंडळी या टप्प्यावर साधारण डुलकी काढतात.

उतरून चाललात तर आधी कान जागे होतात. पॉवरलूमचा तो खटाखट खटाखट ताल एका शेडमधून निघतो आणि पुढच्या शेडमध्ये जाऊन मिळतो. पाट्या मराठीत, टपरीवरच्या गप्पा तेलुगूत, मध्येच कन्नड, शिव्या मात्र सर्वभाषिक. इथे विणकामात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या पद्मशाली समाजाची घरं जवळच आहेत. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन, म्हणजे तो फेमस जीआय टॅग, मिळालेला आहे. तुमच्या जिममधला टॉवेल कुठून आला, हे तुम्ही कधी बघितलंय? एकदा त्याचं लेबल वाचाच.

आणि टॉवेलच्या याच गर्दीत गाड्यांच्या इंजिनांचे भागही बनतात. १९९२ साली सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय इथलंच. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवून ती मोठी झाली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारातही उतरली. म्हणजे ज्या शहराला आपण ‘चादरवालं’ म्हणून मोडीत काढतो, तिथला लोखंडाचा तुकडा जगातल्या कुठल्यातरी हायवेवर मिनिटाला हजारो वेळा फिरत असतो. फक्त दिसत नाही, इतकंच.

चोवीसने भागा!

दादाची गाडी १/२४ स्केलची आहे. हिशेब सोपा. खरी एफ-४० साधारण ४.३६ मीटर लांब, भागिले २४. आले १८ सेंटिमीटर! सोपं वाटतंय? मग आता रंगाचं गणित करू. खऱ्या गाडीवर रंगाचा एकूण थर साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. तुम्ही मॉडेलवर तेवढाच थर चढवलात, तर त्या स्केलमध्ये तो जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड होतो. दरवाजाच्या फटी बुजतात आणि फेरारीवर श्रीखंड ओतल्यासारखं दिसतं. म्हणून थर पातळ हवा, एक नाही अनेक हवेत आणि दोन थरांच्या मध्ये धीर हवा.

लाल रंग तर भलताच नखरेल. करड्या प्रायमरवर मारला की मळकट दिसतो. त्यामुळे आधी पांढरा किंवा गुलाबी बेस, त्यावर लाल, वर क्लिअर कोट आणि मग २००० नंबरच्या वॉटर पेपरने हळूहळू घासून पॉलिश. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला की स्प्रे गाडीवर पोचण्याआधी हवेतच सुकतो आणि बॉडीवर रवा पेरल्यासारखा पडतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो. ‘वर्षातले चार महिने पेंटिंगचे, बाकीचे आठ महिने घासायचे,’ असं दादाचं पंचांग आहे.

या छंदाची पंढरी म्हणजे जपानमधलं शिझुओका. तामिया ही कंपनी तिथलीच. १९७६ मध्ये त्यांनी पोर्शे ९३४ची मोठी किट काढली. त्या अभ्यासासाठी त्यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी केली! कंपनीला हे वेड लावणारे शुनसाकु तामिया जुलै २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले. त्या दिवशी दादाने कामावरून आल्यावर एफ-४०चा खोका उघडला. दोन वर्षं तो तसाच पडून होता.

टॉवेलचा भुगा, फेरारीचा डॅशबोर्ड

टॉवेलच्या गावात गाडी रंगवणं म्हणजे उडत्या कापसाशी लढाई. एक सेंटिमीटरचा तंतू ओल्या बॉनेटवर बसला, तर स्केलमध्ये तो वीतभर लांबीचा दोर होतो. दादाने यावर बरेच उपाय केले. खोलीत पाणी शिंपडलं, पंखा बंद ठेवला, शर्ट काढून बसला. ‘घामाचा थेंब पडला ती गोष्ट वेगळी,’ हे त्याचं पुढचं वाक्य.

पण शत्रूलाच कामाला लावलं तर? टॉवेलचा एक प्रकार असतो, ज्यात एका बाजूचे फासे यंत्राने कापून मखमलीसारखा पृष्ठभाग करतात. त्या कापणीत कापसाचा अगदी बारीक भुगा पडतो. कारखान्याच्या लेखी तो कचरा. आता एफ-४०ची गंमत बघा. १९८७ साली आलेली ही गाडी वजन वाचवण्यासाठी इतकी उघडी-बोडकी ठेवली होती की आत गालिचा नाही, रेडिओ नाही. दरवाजा आतून उघडायला हँडलसुद्धा नाही, नुसती दोरी ओढायची. डॅशबोर्डला मात्र करडं कापड लावलेलं. बाहेरचे मॉडेलर यासाठी खास पावडर विकत घेतात. दादाने करड्या टॉवेलचा मूठभर भुगा मागून आणला आणि चहाच्या गाळणीतून चाळला. मग डॅशबोर्डवर पातळ केलेला फेव्हिकॉल लावून वर भुरभुरला, झटकला आणि झालं! दरवाजाची दोरी म्हणून शिलाईचा धागा. स्पार्क प्लगच्या वायरीही धाग्याच्याच, कारण खरी सात-आठ मिलिमीटरची वायर या स्केलमध्ये ०.३ मिलिमीटर होते आणि साधा धागा जवळपास तेवढाच भरतो.

भुगा देणारा त्याचा शाळेतला मित्र गाडी बघायला आला होता. ‘का बे, गाड्या गाड्या खेळायलास व्हय?’ असं म्हणत आत शिरला आणि पुढची दहा मिनिटं डॅशबोर्डला नाक लावून बसला. मग म्हणाला, ‘हे आमच्याकडचं आहे?’ आवाज एकदम बदललेला.

झाकणाखाली

एफ-४०चं इंजिन मागे असतं आणि वरच्या फटींच्या पारदर्शक झाकणातून दिसतं. आठ सिलिंडर, दोन टर्बो, बत्तीस व्हॉल्व्ह आणि ते उघडझाप करणारे चार कॅमशाफ्ट. किटमध्ये कॅमशाफ्टवरची झाकणं देतात. खाली पोकळ. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने ती चिकटवून पुढची पायरी गाठली असती.

दादाने तारेचे दीड-दीड सेंटिमीटरचे चार तुकडे कापले. प्रत्येकावर सुपरग्लूचे आठ-आठ थेंब सुकवून उंचवटे केले. हे झाले कॅम. ते आत बसवले, मोबाइलवर एक फोटो काढला आणि वरून झाकण कायमचं चिकटवून टाकलं.

‘पण हे आता कुणाला दिसणारच नाही!’ मी वैतागले.

‘कॅमशाफ्ट कुणाला दिसतो गं? तुझ्या गाडीतला तू कधी बघितलीस?’

मग त्याने मला समजावलं. चिल्ड कास्टिंगमध्ये साच्यात जिथे कॅमचा उंचवटा येणार, तिथे धातूचे तुकडे बसवलेले असतात. वितळलेलं लोखंड त्यांना टेकलं की तेवढाच भाग झटकन थंड होतो आणि कडक बनतो. बाकीचा दांडा तुलनेने मऊ राहतो. मग ग्राइंडिंग, मग तपासणी, तीही मायक्रॉनमध्ये. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! एवढं करून तो तुकडा झाकणाखाली जातो आणि गाडी भंगारात जाईपर्यंत कुणी त्याचं तोंड बघत नाही. ‘आमच्याकडे चांगलं काम म्हणजे ज्याची कधी तक्रार येत नाही ते,’ तो म्हणाला.

डिटेलिंग म्हणजे मिरवण्याची कला असं मला वाटायचं. इथे मात्र ती हिशेब चोख ठेवण्यासारखी होती.

थिनर आणि ती पहाट

दादाचं ‘वर्कशॉप’ आधी एमआयडीसीतल्या एका लूमच्या शेडवरच्या खोलीत होतं. भाडं कमी, रात्री कुणाचा त्रास नाही. कोपऱ्यात थिनरचा डबा, फळीवर स्प्रेचे कॅन.

१८ मे २०२५च्या पहाटे याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. तिथेच राहणारं मालकाचं कुटुंब आणि कामगार, दोन्ही त्यात होते. एक तान्हं मूलही होतं. दादाच्या खोलीचा त्या आगीशी काही संबंध नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तो खोलीत गेला, खाली सुताचे ढीग बघितले, वर थिनरचा डबा बघितला आणि कुलूप लावून घरी आला. आठवड्याभरात सगळं सामान हलवलं.

आता रंगकाम फक्त घराच्या गच्चीवर, रविवारी उजाडताना. मोठा डबा बंद, लहान बाटल्या सुरू, शक्य तिथे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग. गच्चीवर धूळ येते, वारा येतो, फिनिश पहिल्यासारखं येत नाही. एफ-४०च्या छतावर नीट बघितलंत तर दोन कण दिसतात. ते घासून काढता आले असते. ‘राहू दे,’ म्हणतो.

इंजिनच नसेल तर?

जाता जाता एक अवघड प्रश्न विचारलाच. इलेक्ट्रिक गाडीत कॅमशाफ्ट नसतो. पोर्शेची टायकन घ्या, नाहीतर आपल्या पार्किंगमधली इलेक्ट्रिक एसयूव्ही. व्हॉल्व्ह नाहीत, प्लग नाहीत. मग दादासारख्यांच्या नोकरीचं काय? या धंद्यातल्या कंपन्यांनाही हे कळतंय. प्रिसिजनने २०१८ मध्येच नेदरलँड्समधल्या इलेक्ट्रिक ट्रकच्या कंपनीत हिस्सा घेतला होता.

दादाच्या वर्गातली निम्मी पोरं पुण्याला गेली. काही चाकणला, काही थेट आयटीत. मावशीचंही तेच टुमणं. तो गेला नाही. मोठी तत्त्वं वगैरे नाहीत. आई-वडील इथे, घर इथे आणि हाताला येणारं काम इथे. ‘पुढची दहा-पंधरा वर्षं तरी इंजिनं बनतील. तोवर मोटरचं शिकून घेतो,’ एवढंच म्हणाला. टेबलावर मोटर वाइंडिंगचं पुस्तक होतं आणि शेजारी पुढच्या किटचा न उघडलेला खोका. त्यातही इंजिन आहे.

तुम्हालाही करायचंय?

पहिली किट बिनइंजिनाची घ्या. त्यांना ‘कर्बसाइड’ म्हणतात. भाग कमी, डोकेदुखी कमी. चांगल्या किटला तीन-चार हजार रुपये लागतात. बाहेरून मागवताना रंगाचे स्प्रे कॅन विसरा, ते ज्वलनशील म्हणून विमानाने सहसा पाठवत नाहीत. सुरुवातीला एक चांगला निपर, ४०० ते २००० नंबरचे पॉलिश पेपर आणि प्लास्टिक सिमेंट पुरेसं आहे. हे सिमेंट प्लास्टिक किंचित वितळवून जोड पक्का करतं, त्यामुळे बाटली जपून. गाड्यांच्या पेंटच्या दुकानातलं थिनर उघड्या प्लास्टिकवर लावू नका, भेगा पडतात. खिडकी उघडी, तोंडाला मास्क, जवळ गॅस, उदबत्ती, सिगरेट काही नको. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

आणि सोलापूर? मुंबईहून पुणेमार्गे वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून आहे, पुण्याहून हुतात्मा आहेच. अक्कलकोटला जाताना एमआयडीसीशी पाच मिनिटं उतरा. परवानगीशिवाय शेडमध्ये घुसू नका, रस्त्यावरूनही तो ताल ऐकू येतो. येताना शेंगाचटणी आणा. टॉवेलही घ्या, करडा मिळाला तर उत्तम.