हिरडीवरचं बोट

रात्री अडीचला हक्‌ हक्‌ आवाजानं जाग आली. दिवा लावला तर मोती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय फाकवून उभा. पोट भात्यासारखं आत-बाहेर होत होतं. तिसऱ्या उमाशाला पिवळं पाणी फरशीवर पडलं. साडेतीन महिन्यांचं पिल्लू, घरी येऊन जेमतेम महिना झालेला.

मी फडकं घेऊन धावले. आई म्हणाली, "थांब, पुसू नकोस. आधी काय पडलंय ते बघ."

तीन लेकरं वाढवलेल्या बाईची ही नजर. पिवळं म्हणजे रिकाम्या पोटातलं पित्त. त्यात थोडा फेस आणि शेवयांसारखे दोन पांढुरके जंत. पिल्लांना जंत बाहेरूनच लागतात असं नाही. आईच्या पोटातून, दुधातूनही ते येतात. रक्त नव्हतं, प्लॅस्टिकचा तुकडा नव्हता. मी मोबाइलवर फोटो काढला आणि मग पुसलं.

खरी भीती मात्र वेगळीच होती. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू आजही लहान पिल्लांवर झडप घालतो, आणि मोतीचा शेवटचा डोस राहिला होता. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण लसीला नीट काम करू देत नाही, आणि ते कधी ओसरेल ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून निदान 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस टोचावी लागते. मधल्या दिवसांत पिल्लू उघडं असतं. हे मला ठाऊक होतं, तरी दोनदा त्याला सोसायटीच्या बागेत नेलं होतं.

वाटीभर पाणी ठेवलं. अधाशासारखं प्यायला आणि सगळं लगेच उलटलं. मग आईनं चहाचा चमचा घेतला. दर दहा मिनिटांनी एक चमचा, बस्स. मी त्याचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबलं. बोटाखालची जागा पांढरी पडली आणि बोट उचलताच गुलाबी झाली. दोन सेकंदांच्या आत रंग परतायला हवा. हिरडी ओली हवी, चिकट नको. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली, ती झटकन बसली. पुढचे तीन तास मी हेच करत राहिले. ज्याला कुठं दुखतंय ते सांगता येत नाही, त्याला विचारायचं ते असं, बोटांनी.

फोनवर मावशी म्हणाली, ताप असेल तर घरातली अर्धी गोळी दे. मी दिली नाही आणि कुणी देऊही नये. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या आपल्या रोजच्या गोळ्या कुत्र्याच्या लिव्हरवर, किडनीवर उठतात. पाणी टिकलं नसतं, रक्ती जुलाब दिसले असते किंवा तो हाक मारल्यावर मान उचलत नसता, तर मी तशीच रिक्षा शोधायला निघाले असते. एवढ्या लहान जिवाच्या अंगातलं पाणी आणि साखर काही तासांत उतरते.

चौथा चमचा पोटात राहिला. पाचवाही. आईनं त्याला मांडीवर घेतलं आणि ती अंगाई म्हणतात तसलं काहीतरी पुटपुटत राहिली.

सकाळी डॉक्टरांनी पहिल्यांदा तो फोटो मागितला. ताप 101.8, म्हणजे कुत्र्याला असतो तेवढाच. पार्व्होची तपासणी निगेटिव्ह आली तेव्हा माझे हात थरथरत होते. उलटी थांबवणारं इंजेक्शन दिलं, आणि पोट शांत झाल्यावर द्यायला वजनाच्या हिशेबानं जंताचं औषध लिहून दिलं.

लांडग्यांची पिल्लं शिकारीहून परतलेल्या मोठ्यांची तोंडं चाटतात, आणि मोठे पोटातलं मांस त्यांच्यापुढं ओकतात. पिल्लांसाठी ते जेवण असतं. रात्री ज्या उमाशांनी माझा जीव टांगणीला लावला, तेच उमासे कुठल्याशा जंगलात आईपणाचे असतात, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

दुपारी मोतीनं उठून अंग ताणलं, माझ्या मांडीवर पुढचे पाय ठेवले आणि हनुवटी चाटायला लागला. थांबेचना.

"भूक लागलीय त्याला," आई म्हणाली आणि मऊ भाताचा कुकर लावायला उठली.