एक कागद कमी आहे

बँकेतल्या माणसाला जग नेहमी काचेपलीकडे दिसते. मी बी.कॉम. झालो, बँकेची परीक्षा दिली, आणि वीसेक वर्षे निरनिराळ्या शाखांत त्या काचेच्या आतल्या बाजूला बसत बसत आता कराडला येऊन टेकलो आहे. या काळात माझ्या तोंडून सर्वांत जास्त वेळा बाहेर पडलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी डोळे मिटून सांगेन, ‘एक कागद कमी आहे.’ हे वाक्य ऐकून समोरचा माणूस परत जातो, कागद घेऊन येतो, आणि मग मी त्याला दुसरा कागद सांगतो. यात माझा काही वाईट हेतू नसतो. तो समोर आल्याशिवाय पुढचा कागद मला आठवतच नाही, एवढेच.

२०२२ च्या सप्टेंबरात एक आजी अशाच चौथ्यांदा येऊन गेल्या. नवरा वारलेला, त्याचे बचत खाते आमच्याकडे. गावाहून एस.टी.ने यायच्या, पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले कागद काढायच्या. पहिल्या खेपेला मी मृत्यूचा मूळ दाखला मागितला. दुसऱ्या खेपेला आधार कार्ड. तिसऱ्या खेपेला कार्डावरचे नाव आणि पासबुकातले नाव यांत एका ‘बाई’चा फरक निघाला. चौथ्या खेपेला मी म्हणालो, “आजी, कोर्टातून वारस दाखला आणा.” आजी काही वेळ काचेतून माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “सायेब, एकदाच समदं सांगा की.” मी पुढच्या माणसाला हाक मारली.

तो बुधवार. आता शुक्रवारकडे येऊ.

त्याच वर्षी आमच्या सोसायटीने मला बिनविरोध खजिनदार केले होते. बिनविरोध याचा अर्थ, विरोध करायला मी त्या सभेला हजर नव्हतो. वार्षिक सभा रविवारी, पंचवीस तारखेला. नेमकी सर्वपित्री अमावस्या. म्हणजे पितर आणि सभासद दोघेही एकाच दिवशी येणार आणि दोघांनाही हिशेब द्यायचा. जुन्या खजिनदारांनी सगळे जमाखर्च एका पेनड्राइव्हवर घालून दिले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. शुक्रवारी जेवण झाल्यावर मी तो पेनड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावला.

हा कॉम्प्युटर म्हणजे आमच्या घरातले वयोवृद्ध माणूस. त्यावर पूर्वी विंडोज सात होते. त्याची देखभाल कंपनीने जानेवारी २०२० मध्ये थांबवली, त्यानंतर ते कण्हत होते. २०२१ च्या दिवाळीला पुतण्या बंगळूरहून आला आणि म्हणाला, “काका, लिनक्स टाकून देतो. फुकट आहे.” फुकट म्हटले की बँकेतला माणूस आधी बारीक अक्षरातला मजकूर शोधतो. पण पुतण्याने सांगितले की, १९९१ साली हेलसिंकीतल्या लायनस टॉरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने याचा गाभा लिहिला आणि सगळ्या जगापुढे उघडा ठेवला. ज्याला वाचायचे असेल त्याने वाचावे, सुधारायचे असेल त्याने सुधारावे. एखाद्याने घरची चोपडी चौकात मांडून ठेवावी, तसला हा प्रकार. मला माणूस भला वाटला. मी परवानगी दिली.

तर त्या शुक्रवारी मी सोसायटीच्या फाइलवर दोनदा क्लिक केले. कॉम्प्युटर म्हणाला, हे कशाने उघडू? मी बंगळूरला फोन लावला.

“काका, त्यात लिब्रऑफिस नाहीये. जागा वाचावी म्हणून मी मिनिमल टाकलं होतं.”

“मिनिमल म्हणजे?”

“म्हणजे कमीत कमी.”

“अरे, पण हिशेब कमीत कमीत कसे बसवू?”

पुतण्या हसला. म्हणाला, गणपतीत आलो तेव्हा लागतील म्हणून ऑफिसची पुडकी तुमच्याकडच्या एका फोल्डरमध्ये ठेवली आहेत, ती फक्त चढवायची. त्यासाठी एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात हुकूम लिहायचे. पहिला शब्द सुडो. “स्पेलिंग सांग,” मी म्हणालो. आमच्या घराण्यात भूगोल पक्का. “एस सातारचा, यू उंब्रजचा, डी दहिवडीचा, ओ ओगलेवाडीचा.” अख्खा जिल्हा फिरून मी ओगलेवाडीला पोचलो. यंत्राने पासवर्ड मागितला. मी टाइप करू लागलो तर पडद्यावर काहीच उमटेना. एक चांदणीसुद्धा नाही. “उमटत नसतंच काका, टाइप करत राहा.” आंधळ्या विश्वासाने मी टाइप केले आणि यंत्राने इंग्रजीत जाहीर केले की, काका हा इसम अधिकाऱ्यांच्या यादीत नाही आणि या घटनेची खबर वर दिली जाईल.

वाचकहो, बँकेत नोकरी करणाऱ्याला ‘घटनेची खबर वर दिली जाईल’ हे वाक्य रात्री दहा वाजता दाखवू नये. “कोणाला खबर देणार?” मी घाबरून विचारले. “त्याच मशीनच्या मुख्याला. म्हणजे मलाच,” पुतण्या म्हणाला. यंत्र चालू करताना मुख्य खाते त्याने स्वतःच्या नावाने उघडले होते आणि मला साधा खातेदार केले होते. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, मी काउंटरच्या बाहेर उभा होतो.

त्याच्या खात्यातून माझे नाव यादीत घातले. अधिकार मिळाले, पण ते लागू व्हायला मला एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे लागले. बढतीबरोबर बदली असतेच, हे आम्हाला नव्याने सांगायला नको. मग फोल्डरमधली सगळी पुडकी एकदम चढवण्याचा हुकूम सोडला. पडद्यावरून ओळींचा लोंढा वाहून गेला आणि शेवटी काय, तर अमुक अमुक पुडक्यांमध्ये चुका आढळल्या. मी एकेक पुडके वेगळे चढवून पाहिले. पहिले म्हणाले, मला दुसरे हवे. दुसरे म्हणाले, मला तिसरे हवे. अकरा वाजले. शेवटी मी पडद्यावर ओरडलो, “अरे, एकदाच सगळं सांग ना!”

“अहो, कोणावर ओरडताय?” आतून सौ.चा आवाज आला.

मी गप्प झालो. हे वाक्य मी नुकतेच कुठेतरी ऐकले होते. कुठे ते आठवले आणि मी पुन्हा फोन लावला, जरा नरम आवाजात.

“काका, तुम्ही शेवटची ओळ वाचताय. वरचं वाचा.”

“वर खूप आहे रे.”

“म्हणूनच वाचा. ते एकदाच सगळं सांगतं, आपण वाचत नाही.”

मी चष्मा पुसून वर गेलो. आणि खरोखरच, त्या यंत्राने काहीही लपवले नव्हते. लिनक्सवरचा एकेक कार्यक्रम आपले सगळे सामान स्वतः आणत नाही, बरेचसे सामायिक ठेवलेले वापरतो, आणि आपल्याला कोण कोण लागणार याची यादी आधीच लिहून देतो. कर्जदाराने जामीनदारांची नावे द्यावीत तशी. लिहिण्याचा राइटर, आकडेमोडीचा कॅल्क, सगळ्यांचा मिळून एक कोअर. प्रत्येकाची यादी तिथे होती. आणि त्यात स्वच्छ लिहिले होते की, लिब-सी-सहा हे २.३४ किंवा त्यापुढचे पाहिजे, या यंत्रावर आहे ते २.३१.

मी हे वाचून दाखवताच पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. “चूक माझी, काका! ही पुडकी मी माझ्या मशीनवरून उतरवली. माझं उबुंटू बावीस पॉइंट शून्य चार, तुमचं वीस पॉइंट शून्य चार.” हे आकडे म्हणजे साल आणि महिना. त्याचे एप्रिल २०२२ चे, माझे एप्रिल २०२० चे. ‘बाई’चा फरक! मी सुचवले की २.३१ खोडून २.३४ करून टाकू. तो म्हणाला, “काका, तो घराचा पाया आहे. एका खिडकीसाठी पाया बदलू नका. झोपा.”

दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. सकाळी यंत्र चालू करून हुकूम दिला तर ते म्हणाले, कुलूप दुसऱ्याकडे आहे. आतल्या आत स्वतःची दुरुस्ती करणारे एक काम चालू होते आणि एका वेळी एकालाच नोंदवहीत लिहिता येते. “कुलूप तोडू का?” “तोडू नका, चहा घ्या.” स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. चहा झाला, कुलूप सुटले. मग अर्धवट बसलेले दुरुस्त करण्याचा हुकूम दिला. कालची सगळी पुडकी काढून टाकू का, असे त्याने विनयाने विचारले, मी हो म्हणालो. नंतर इंटरनेटवरून यादी ताजी केली आणि वीस पॉइंट शून्य चारसाठीच बांधलेले लिब्रऑफिस, आवृत्ती ६.४, मागवले. यंत्राने सगळे जामीनदार आपण होऊन गोळा केले.

पट्टी सरकत होती तेवढ्यात पुतण्याने मला या ऑफिसचे कूळ सांगितले. मूळ जर्मनीतल्या स्टार डिव्हिजनचे. १९९९ साली सन कंपनीने ते विकत घेतले, २००० साली त्याचा कोड खुला केला. २०१० साली सनलाच ओरॅकलने घेतले. तेव्हा बऱ्याच कर्त्या मंडळींनी त्याच सप्टेंबरात वेगळी चूल मांडली आणि तिला नाव दिले लिब्रऑफिस. विलीनीकरण म्हणजे काय असते हे बँकवाल्याला ठाऊक असते. मला त्या मंडळींबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

दुपारी फाइल उघडली. जमा आणि खर्च दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळल्या. रविवारी सभेत माझे हिशेब साडेतीन मिनिटांत मंजूर झाले, कोणी ते उघडूनही पाहिले नाहीत, आणि पुढचे दोन तास पार्किंगवर चर्चा झाली.

सोमवारी मी बँकेत गेलो आणि आधी आजींच्या नवऱ्याचे खाते काढले. या वेळी खालून नव्हे, वरून वाचले. वरच नोंद होती. नॉमिनी, पत्नी. नॉमिनी असेल तर वारस दाखला मागू नका, हे रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच सांगून ठेवले आहे. ते मला पाठ होते. फक्त नॉमिनीची ओळ मी वाचली नव्हती. फॉर्मवर नातवाचा नंबर होता. फोन केला तर तो म्हणाला, “आजीला घेऊन वकिलाकडंच चाललोय, साहेब.”

“नको, इकडेच या,” मी म्हणालो. आणि काय काय आणायचे ते सगळे, एकाच फोनमध्ये, त्याला लिहून घ्यायला लावले. तीनच गोष्टी होत्या आणि तिन्ही आजींच्या पिशवीत आधीपासून होत्या. ‘बाई’च्या फरकाचे मॅनेजरसाहेबांना मी स्वतः आत जाऊन समजावले.

आठवडाभरात पैसे आजींच्या खात्यात जमा झाले. पासबुक भरून घ्यायला त्या आल्या तेव्हा मी म्हणालो, “आजी, तुम्हाला फार खेपा पडल्या. नाव वरच लिहिलेलं होतं, मी खालचंच वाचत बसलो.”

आजींनी पासबुक प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळले, पिशवीत ठेवले आणि काचेतून माझ्याकडे नीट निरखून पाहिले.

“चष्मा बदला, सायेब,” त्या म्हणाल्या.