औंढ्याच्या भिंतीपुढे बसा, शिकवायला ऊन आहेच!

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला जाणार असाल तर ऊन तिरपं असताना जा. सकाळी लवकर, नाहीतर थेट संध्याकाळी. आणि दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याआधी देवळाला बाहेरून एक सावकाश फेरी मारा. हातात पेन्सिल असली तर उत्तमच! इतक्या घाईघाईने सांगतेय, कारण मला हे नुकतंच सापडलंय आणि भेटेल त्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

मी वसमत तालुक्यातली. छत्रपती संभाजीनगरला बीएफए करते, चित्रकला शाखेत. आमचा दिवस मेसचे पोहे व्हायच्या आधी सुरू होतो. रेल्वे स्टेशनवर जाऊन भराभर स्केचेस करायची, कारण बाकड्यावर झोपलेली माणसं हलत नाहीत आणि चहावाले एका जागी थांबत नाहीत. दोन्हींचा सराव एकाच फलाटावर होतो. मग वर्गात हेड स्टडी, दुपारी कम्पोझिशन, रात्री खोलीभर टर्पेंटाइनचा वास आणि उशाशी सबमिशनची यादी. नखांतला चारकोल निघत नाही, पाकिटातले पैसे कागदात जातात. घरी फोन केला की आजीचा प्रश्न ठरलेला असतो, ‘तिकडं दिसभर चित्रंच काढतीस का गं?’ हो आजी, दिवसभर चित्रंच काढते!

प्रेरणा कुठून घ्यायची याचं आमच्या वर्गात तयार उत्तर असतं: अजिंठा आणि वेरूळ. वेरूळ तर शहरापासून तासाभराच्या आत. तिथे गेलं की प्रत्येकाची स्केचबुकं भरतात. सुटीत घरी जाताना मात्र एक जुनी वास्तू काढून आणायचं काम मिळालं आणि मी औंढा निवडलं. महाशिवरात्रीच्या गर्दीत आईचा हात धरून पाहिलेलं आमचं देऊळ. बसायला जागा मिळाली, कागद क्लिपबोर्डला लावला आणि समोर पाहिलं.

बापरे! ही भिंत सरळ नाहीच. ती पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते, साडीच्या निऱ्यांसारखी. प्रत्येक घडीच्या कडेला सावलीचा एक उभा पट्टा पडतो. खाली जोत्यावर आडवे थर आहेत, एकावर एक रचलेले, आणि प्रत्येक थराखाली सावलीची आडवी रेघ. उभ्या सावल्या, आडव्या सावल्या आणि त्यांच्या मधल्या उजेडात मूर्ती! म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने छिन्नी चालवायच्या आधी उन्हाचा हिशोब केला होता. दगड किती खोल कोरला की सावली किती गडद पडेल, हे त्याला पाठ होतं. आम्हाला वर्गात ‘टोन’ म्हणून जे शिकवतात ते इथे भिंतभर करून ठेवलेलं आहे.

मग मी कडा काढणं बंद केलं आणि चारकोल आडवा धरून नुसत्या सावल्या भरत गेले. डोळा काढला नाही, नाक काढलं नाही, दागिन्यांच्या बारकाव्याला हात लावला नाही. आणि कागदावर हत्ती उभा राहिला! रेघ न मारता हत्ती! माझ्या तोंडून मोठ्याने ‘आई शप्पथ’ निघालं. शेजारी बेल-फुलं घेऊन बसलेल्या मावशी उठून बघायला आल्या.

‘काय काढायलीस गं?’

‘हत्ती, मावशी.’

‘एकच? मग मागल्यांनी काय पाप केलं?’

मावशींच्या आग्रहाखातर मागचेही काढले, आणि ते काढताना दुसरा शोध लागला. थरातले हत्ती लांबून सारखे वाटतात, पण काढायला बसलं की एकाची सोंड वेगळी वळते, दुसऱ्याचा पाय वेगळा पडतो. बसाल्ट हा काळा, कणखर दगड. संगमरवरासारखे नाजूक कंगोरे तो सहज देत नाही आणि शतकांच्या ऊन-पावसात बारकावे झिजतातही. टिकतो तो घाट. पोटाचा गोलावा, मानेचा झोक, मांडीचा भार. ज्या मूर्तींचे चेहरे गेले आहेत त्यांचीही चाल ओळखू येते. आणि दगड काळा तरी कुठे आहे? जवळून पाहिलं तर जांभळट, तपकिरी, शेवाळाच्या जागी हिरवट. माझ्या रंगपेटीतला काळा रंग मी त्या दिवशी उघडलाच नाही.

वरच्या जंघेवर, म्हणजे भिंतीच्या मुख्य भागावर, देवदेवता आहेत. कैलास उचलणारा रावण आहे. हे शिल्प काढून बघाच! खाली जोर लावणारं शरीर, वर निवांत बसलेले शिव-पार्वती. एकाच चौकटीत ताण आणि विसावा. अर्धनारीश्वर तर आमच्या मानवाकृतीच्या तासाला कुणीतरी उचलून न्यावा असा: एकाच उभ्या रेषेच्या दोन बाजूंना दोन वेगळे घाट, तरी तोल एक.

घरी आल्यावर वाचत सुटले. देऊळ यादवकाळातलं, तेराव्या शतकाच्या आसपासचं, आपण ज्याला हेमाडपंती म्हणतो त्या घडणीचं. घडीव दगड एकमेकांत बसवून भिंती उभ्या केलेल्या. मूळ काम खालच्या भागाचं. वरचा भाग नंतर विटा आणि चुन्यात बांधला गेला आणि त्या जीर्णोद्धाराचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिलं जातं. उभं राहून पाहिलं तर काळाचा हा जोड डोळ्यांनी दिसतो: खाली कोरीव काळा दगड, वर गुळगुळीत गिलावा. हेन्री कझिन्स यांच्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या १९३१ च्या ग्रंथात औंढ्याचं देऊळ आहे. मराठवाड्यातली मंदिरं आणि मूर्ती यांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या गो. बं. देगलूरकरांची पुस्तकं तर मराठीत आहेत. आणि गंमत बघा, ज्या देवगिरीवरून यादवांनी राज्य केलं तो किल्ला वेरूळच्या वाटेवरच लागतो. मी राजधानीजवळ शिकायला गेले आणि धडा मिळाला तो गावाकडे!

गाभाऱ्याचं तर वेगळंच प्रकरण. लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. अरुंद वाटेने खाली उतरायचं, आत दाटीने बसायचं. भर उन्हातून त्या अंधारात गेलं की आधी काहीच दिसत नाही. मग समईची ज्योत, मग हात, मग चेहरे. उजेडाची सगळी पट्टी, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, एका दर्शनात उलगडते. नामदेवांची कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे: कीर्तनाला मागे बसवलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यातलं आणि गुरू विसोबा खेचरांशी त्यांची भेट परंपरेने औंढ्यातच झालेली. आमच्यासारख्यांसाठी देऊळ फिरत नाही. आम्हालाच त्याच्याभोवती फिरावं लागतं, ऊन सरकेल तसं.

जुन्या भिंतीपुढे बसून शिकणं ही आपल्याकडची जुनीच रीत आहे, हेही याच नादात कळलं. १८७२ पासून पुढची काही वर्षं जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत जात आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच, पुढे नामवंत चित्रकार झाले. आणि म. र. आचरेकरांचं ‘रूपदर्शिनी’! जिवंत मॉडेलची बैठक आणि भारतीय शिल्पातली तीच बैठक त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवली. ग्रंथालयात ते पुस्तक उघडलं आणि वेळेवर बंद करताच आलं नाही. माझ्या स्केचबुकात आता तसंच चाललंय: डाव्या पानावर औंढ्याची नर्तकी, उजव्या पानावर आमच्या आवारात घागर उचलणारी काकू.

कारण एकदा डोळा उघडला की तो देवळापाशी थांबत नाही! आमच्याकडे हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला त्या हंगामाचे रंग हवेत. काढणी झाली, कंद शिजले, आवारात वाळत पडले की बाहेरून मातकट, मोडला की आत भडक केशरी. मग ढोलात घालून पॉलिश केले की पिवळेधमक. मी हळदीचं पाणी कागदावर लावलं, त्यावर चुन्याची निवळी फिरवली आणि पिवळा डोळ्यांदेखत लाल झाला. मी नाचायचीच बाकी होते! आजी म्हणाली, ‘चुना लावल्यावर कुंकूच होणार की, त्यात काय एवढं?’ त्यात केवढं तरी आहे, आजी! हाच हळदीचा कागद खिडकीत उन्हाला ठेवला तर पिवळा विटत जातो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी पिवळ्या-तांबड्या मातीचे, खनिजांचे रंग वापरले. काजळी वापरली, निळ्यासाठी लाजवर्द दगड वापरला. त्यांचे रंग दीड हजार वर्षं का टिकले, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा आमच्या खिडकीने जास्त चांगलं सांगितलं.

आणि तांडे! सेनगाव-औंढ्याकडच्या बंजारा वस्त्यांतल्या जुन्या याडींचा (आयांचा) फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) पाहिलीय? लाल, निळ्या, पिवळ्या तुकड्यांची मांडणी, मध्ये आरसे, कडेला कवड्या. चौकोनात चौकोन, त्यात त्रिकोण, कुठे पट्टी घेतलेली नाही, तरी तोल ढळत नाही. डिझाइनच्या तासाला ज्याला आम्ही ‘रिदम’ म्हणतो तो इथे अंगावर घालून बाया शेतात जात होत्या.

आमचा जिल्हा वयाने लहान. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला. हिंगोली म्हटलं की बाहेरच्यांना दसरा आठवतो, हळदीचा भाव आठवतो, आता औंढ्याजवळ होणारी, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा आठवते. या यादीत मला एक भर घालायची आहे: चित्र शिकायचं असेल तर हिंगोली जिल्हा ही उत्तम शाळा आहे. तिला फी नाही.

म्हणून एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्या ड्रॉइंगच्या सरांच्या, बाईंच्या मागे लागा आणि एक तास औंढ्याला मागून घ्या. देवस्थानाला विचारून बसा, भाविकांची वाट अडवू नका, शिल्पाला खडू, तेल, गुलाल लावू नका आणि कुणी लावत असेल तर हात जोडून थांबवा. औंढा लांब पडत असेल तर गावातली बारव, वेशीजवळची वीरगळ, जुन्या वाड्याचा दरवाजा, काहीही चालेल. कागद साधा घ्या, पेन्सिल मऊ घ्या, ६बी असली तर छानच. आणि बाह्यरेषेच्या नादी लागू नका. सावलीपासून सुरुवात करा.