कप नसलेला कोच

आमच्या पिट्सबर्गच्या ऑफिसात लंच टाइमला एक विषय कधीच शिळा होत नाही. पेंग्विन्सचा बेस्ट कोच कोण? आपल्याकडे गावसकर की सचिन, तसंच. मी पुण्याहून इथे आलो तेव्हा माझ्यासाठी हॉकी म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले. आता आइस हॉकीवर भांडतो. माणूस बदलतो!

ऑफिसातली सीनियर मंडळी लगेच बॉब जॉन्सनचं नाव घेतात. ‘हॉकीसाठी आजचा दिवस झकास आहे’ हे त्यांचं पेटंट वाक्य. १९९० मध्ये ते आले आणि मे १९९१ मध्ये पेंग्विन्सनी पहिलावहिला स्टॅन्ली कप उचलला. शेवटच्या मॅचमध्ये मिनेसोटाला ८-० धुतलं. त्याच नोव्हेंबरमध्ये ब्रेन कॅन्सरने ते गेले.

मग स्कॉटी बोमन. एकदम दुसरं टोक. कडक, हिशेबी, लाडबिड काही नाही. त्यांनी १९९२ चा कप आणला. पुढच्या सीझनला सलग १७ मॅच जिंकल्या आणि प्ले-ऑफच्या दुसऱ्याच फेरीत टीम घरी!

माझ्या वयाची पोरं म्हणतात, माइक सलिव्हन. डिसेंबर २०१५ मध्ये भर सीझनमध्ये आले, पहिल्या ४ मॅच हरले आणि तरीही २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ दोन कप. कुणीतरी डॅन बाइल्स्माचं, म्हणजे २००९ च्या कपचं नाव काढतं.

मिशेल तेरियनचं नाव मात्र कुणीच घेत नाही. मी सोडून.

तेरियन डिसेंबर २००५ मध्ये आले तेव्हा टीम तळाला होती. सिडनी क्रॉसबी १८ वर्षांचा. या गृहस्थांनी महिन्याभरात पत्रकारांसमोर स्वतःच्याच खेळाडूंची बिनपाण्याने केली. शिस्त लावली, बचाव घोटून घेतला. २००८ मध्ये टीम थेट फायनलला पोचली, पण डेट्रॉइटकडून हरली. फेब्रुवारी २००९ मध्ये टीम घसरली आणि तेरियनना नारळ मिळाला. त्यांच्या जागी आलेल्या बाइल्स्मांनी उरलेल्या २५ पैकी १८ मॅच जिंकल्या आणि १२ जूनला डेट्रॉइटमध्येच कप उचलला. चार महिन्यांत! टीम बरीचशी तीच.

मला एवढा पुळका का? कारण गेल्या वर्षी मीच तेरियन झालो.

माझ्याकडे ९ जणांची टीम होती. आठ महिने राबून मी सगळा गोंधळ निस्तरला, रोजचा रिव्ह्यू सुरू केला. आणि एका शुक्रवारी कळलं, सोमवारपासून लीड दुसरा. त्याने दहा आठवड्यांत प्रोजेक्ट लाइव्ह नेला. केक कापला, सगळ्यांना मेल गेली, त्याचं कौतुक झालं. मी कोपऱ्यात उभा राहून केक खाल्ला. केक चांगला होता, याचाच जास्त राग आला.

पाया मी घातला, कळस त्याने चढवला, हे मी बरेच दिवस सगळ्यांना ऐकवत होतो. शेवटी टीममधल्या सांगलीच्या पोराला चहाला नेलं आणि सरळ विचारलं. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, “दादा, रिव्ह्यू बरोबरच होते. ते आम्ही अजून करतो. पण तुमचा फोन आला की पोटात गोळा यायचा.” याच पोराला मी एकदा क्लायंटसमोर झापलं होतं. मी विसरलो होतो. तो नाही.

तेव्हा कळलं. तेरियनवर अन्याय झाला, हे खरं. पण बाइल्स्मांना कप फुकट मिळाला, हे खरं नाही. घोटून घेणारा लागतो, तसा नंतर श्वास घेऊ देणाराही लागतो. आणि कुठलाच कोच कायमचा नसतो. दोन कपवाले सलिव्हनसुद्धा, सलग तीन वर्षं प्ले-ऑफ हुकल्यावर, एप्रिल २०२५ मध्ये गेलेच की!

पुढच्या महिन्यात मला नवी टीम मिळतेय. लंचला माझं मत अजूनही तेरियननाच. पण पहिल्या मीटिंगची सुरुवात बॉब जॉन्सनच्या वाक्याने करायची, असं ठरवलंय. आजचा दिवस झकास आहे, मंडळी!

रिव्ह्यू मात्र रोजच होणार.